मिठी

खिशात एकशे ऐंशी. परतीचं तिकीट वेगळं,
बुटात घडी करून.
मी वाईचा; परक्या गावात गेलो की आधी घाट शोधतो,
पाय धुतो, मग भुकेचं बघतो.

कुर्ल्याला बसमध्ये विचारलं, नदी कुठे?
कंडक्टर म्हणाला, "नदी? नाला म्हणायचंय का?"
आणि दहाचं तिकीट दिलं.

पुलावरून पाहिलं : काळं, जड पाणी.
थर्माकोलच्या तुकड्यावर एक बगळा
फुकट प्रवास करत चाललेला.
खाली जैतूनबी निळी पिंपं घासत होती.
"हिचं नाव काय?"
"मिठी." मग काथ्या झटकत,
"नाव ठेवणारा गेला, रे. नावं ठेवणारे उरले."

मी घाटाचं सांगितलं. पायांचंही.
हसली नाही.
विकतच्या कॅनमधून तिनं एक मग भरला,
"कर इकडे."
बूट काढले. तिकिटाची एक कड भिजली.

रात्री वहीत लिहिलं :
बस वीस, वडापाव अठरा, चहा दहा.
पाण्यापुढे काय मांडावं, सुचेना.
पायांवरून ओघळलेलं ते
उतरत उतरत तिच्याकडेच गेलं होतं.