काटा

बोगोटाला समुद्र नाही.
म्हणून त्यांनी तो भाड्याने आणला:
चार ट्रक वाळू, प्लॅस्टिकचे सहा माड,
आणि गोदामामागच्या अंगणात एक निळा हौद,
ज्यात रात्रभर हवा भरत बसलं
वाळूवाल्याचं पोरगं.

माझ्याकडे कपडे होते.
म्हणजे, होते म्हणायचे.
अकरा मुलींचे मिळून सगळे
बुटांच्या एका खोक्यात मावले.
गायकाचा एकट्याचा कोट मात्र
मी दोन्ही हातांनी उचलून आणला,
लोकरीचं अस्तर, कॉलरला केसाळ कातडं.
त्याला थंडी सोसत नाही, म्हणाले.
गळा जपावा लागतो.

एक ना धड, भाराभर चिंध्या.
इथे उलटंच.
चिंध्या मूठभर
आणि धडं भाराभर.

रात्री दोनला डोंगरावरून वारा उतरला,
पारा सातावर.
दिग्दर्शक म्हणाला, उकाडा दिसू दे, नूबिया.
मग मी ग्लिसरीनची बाटली घेऊन
एकेकीच्या पाठीवर घाम फवारला.
पाठ दचकायची. मी माफी मागायची.
पाचव्या पाठीनंतर
नुसतीच फवारत गेले.

युर्लेदिस सातवी.
बुएनाव्हेंतुराची, खऱ्या समुद्राकाठची,
नर्सिंगचं दुसरं वर्ष.
"आमच्याकडे बाया पाण्यात उतरतात ना,
टी-शर्ट घालून उतरतात," ती म्हणाली,
दातांवर दात वाजत होते,
तरी हसली.

कॅमेरा मांडी घालून बसला होता.
मान वर करायची त्याला सवय नव्हती.
डोकी नकोत, गर्दी होते.
गर्दी!
नखशिखांत बाई मागवलेली,
त्यातली शिखा आधीच वजा.

"कट" म्हटलं की मी धावायचे.
अकरा मुली, चार घोंगड्या,
थर्मासमध्ये गुळाचं उकळतं पाणी.
कपाभोवती बोटं वळली
की नावं परत यायची त्यांच्यात:
मारिसेल, लेइदी, दायाना,
युर्लेदिस, जिला उद्या सकाळी
शरीरशास्त्राचा पेपर होता
आणि जी मणक्यांची नावं पुटपुटत होती
वरून खाली, वरून खाली.
"ॲक्शन" म्हटलं की
घोंगड्या माझ्याकडे.
अजून कोमट.

तीन महिन्यांनी पावाच्या दुकानात
भिंतीवरच्या टीव्हीत तो समुद्र लागला.
ऊन पडलं होतं. कुठून आणलं कोण जाणे.
मी पैसे हातात धरून शोधत राहिले.
युर्लेदिसच्या पोटरीवर डाग होता,
सायलेन्सरने भाजलेला, पेरूच्या पानाएवढा.
एकाही पोटरीवर डाग नाही.
एकाही पोटावर टाका नाही, तीळ नाही.
कुणाची कंबर कुणाच्या पायांना
इतकी सफाईने जोडलेली
की मलाही, जिने प्रत्येकीची गाठ
स्वतःच्या हाताने बांधली, कळेना
कुठे कोण संपतं.

आणि मग, गायक कोटाच्या खिशात हात घालून
वळतो ना, त्याच्या मागे,
पापणी लवेपर्यंत,
एक दंड.
त्यावर काटा.
खोटा घाम तसाच चमकतोय
आणि त्याखालून लव उभी राहिलीय,
एक न् एक केस.
पुसणाऱ्याचा डोळा लागला असेल.
किंवा थंडीच हट्टी.

"गाणं चांगलंय ना, सेन्योरा?" दुकानातलं पोरगं म्हणालं.
मी म्हटलं, पुन्हा लाव.
ते म्हणालं, हे माझ्या हातात नाही,
ते आपोआप लागतं.

रात्री मी फोन केला. ती वॉर्डात होती, दबक्या आवाजात बोलली.
तो दंड तुझा का गं?
बराच वेळ कुणाचं तरी सलाइनचं यंत्र वाजत राहिलं.
"लेइदीचा असेल. माझा असेल.
सगळ्यांनाच वाजत होती, नूबिया."
मग म्हणाली, ठेवते, सतरा नंबर हाक मारतोय.

चौथी घोंगडी तिच्याकडेच आहे.
मी हिशेबात लिहिलंय,
हरवली.