‘बाय’च्या पुढची जागा

कुलगोड सरांची शिकवणी खानापुरात,
कौलांच्या वखारीच्या मागं.
दहावीची आम्ही अकरा जणं, एक बाक मोडका,
आणि भट्टीकडनं दिवसभर भाजक्या मातीचा वास.

सर खडूचे दोन तुकडे करायचे.
एक कर्ता, एक कर्म.
"ह्याला उचलून तिकडं ठेवायचं, त्याला हिकडं,
मध्ये वॉज घालायचं,
आणि शेवटी बाय लावून कर्त्याला दारात उभं करायचं.
पाहुण्यासारखं नव्हे. उधारी मागायला आल्यासारखं."
मग स्वतःशीच, "कन्नडात असं कोण बोलत नाही.
पुस्तकात असतंय. बायकोसंगट बोलताना नसतंय."
सावक्का बडिगेर तोंडावर वही धरून हसली.

आणि नियम:
कर्ता कोण ते कुणाला ठाऊक नसेल,
किंवा सगळ्यांनाच ठाऊक असेल,
तर बाय गाळला तरी मार्क कापत नाहीत.

मी तो लाल पेनानं चौकटीत घातला.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी,
स्टेशन रोडच्या पाट्यांना खालची ओळ नव्हती.
सातेरी किराणा, हलगेकर क्लॉथ, दातांचा दवाखाना,
वरचं कन्नड जसंच्या तसं,
खालच्या मराठीवर निळा पट्टा.
बाजारात म्हणाले, पुसल्या गेल्या.
चहाच्या गाड्यावर म्हणाले, पुसवण्यात आल्या.
पेपरात आलं, पुसल्याचे आढळून आले.
इतक्या तऱ्हांनी सांगता येतं मराठीत,
एकाही तऱ्हेत माणूस नाही.

पण पट्ट्याची कड मी बघितली.
डांबर फासणाऱ्याचा हात असा नसतो.
दोरा मारल्यागत सरळ,
आणि वरच्या ओळीतलं एखादं कन्नड जोडाक्षर
जिथं खाली लोंबत होतं
तिथं त्याला न शिवता, वळसा घालून गेलेली.
तेवढं वळण घेणारा ब्रश गावात एकच होता.
दोन्ही ओळी मुळात त्याच्याच.

घरी पप्पा रॉकेलच्या बोळ्यानं नखं पुसत होते.
"काय बघूलालीस गं?"
काही नाही, म्हटलं.

शनिवारी सरांनी उदाहरणं मागितली.
सगळ्यांचे आंबे खाऊन झाले, पत्रं लिहून झाली,
मी उठले.
द बोर्ड्स वेअर पेंटेड.
"बाय?"
माझ्यामागं कुणाचं तरी पेन थांबलं.
शिकवणीच्या दारावरच्या पाटीलाही तोच निळा होता.
"सर, गाळला तर चालतो."
सर फळ्याकडं बघत म्हणाले,
"कुठल्या नियमानं? पहिल्या का दुसऱ्या?"
मी खाली बसले.

आता हुबळीला मीच हे शिकवते.
मुलांना सांगत नाही, पण आपल्यात तर
नुसता काल आला तरी क्रियापद माणसाला सोडतं.
पप्पा पाटी रंगवतात, म्हटलं तर
पप्पांच्या मागनं चालतं.
पप्पांनी पाटी रंगवली, की पाटीचं होऊन जातं,
वळून बघत नाही.

मागच्या मे महिन्यात स्टेशन रोडला गेले होते.
सातेरी किराणाचा निळा उन्हानं विटलाय.
खालनं ‘सा’ दिसतो, ‘ते’ची मात्रा,
‘री’ अजून आत आहे.
एकच हात दिलेला, पातळ.
मुद्दाम दिला,
की चाळीस पाट्यांना एक डबा पुरवायचा म्हणून
टर्पेंटाइन जास्त ओतलं,
हे विचारायला पप्पा नाहीत.

गल्ल्यावर नवीन पोरगा. मान वर करून माझ्याबरोबर बघत होता.
"कोण लिहिलेलं हे?"
"माझ्या पप्पांनी."
"आणि पुसलेलं?"

मी पाव किलो फुटाणे मागितले.
त्यानं कागदाचा कोन केला, वजन केलं,
दोन दाणे जास्तीचे टाकले,
आणि हातात पुडी धरून
वाट बघत राहिला.