बारा मिनिटं शिल्लक

एकेचाळीस डिस्क, बुटांच्या खोक्यात.
प्रत्येकीवर काळ्या मार्करनं आईचं अक्षर:
सेंट ल्युडमिला, चर्चची पिकनिक, २००४. ऊन फार.
लेस्टर आणि बर्निसचं लग्न. ट्युबा उशिरा आला.
ट्युबा म्हणजे बाबा.

तळघरात, पाणी तापवायच्या टाकीशेजारी बसून
जुन्या बनियनच्या तुकड्यानं मी एकेक डिस्क पुसतो,
मधून काठाकडे, सरळ. गोल फिरवायचं नाही,
असं लायब्ररीतल्या नोलननं बजावलंय.
मग ड्राइव्ह गुरगुरतो,
आणि केवॉनी काउंटीतली एक अख्खी दुपार,
गवत, बिअरचे पिंप, सहा लाल जाकिटं,
नखाएवढ्या चौकटीत जाऊन बसते.

कॅमेरा आईचा. त्यामुळे
बाबांनी गाल फुगवले, आता त्यांची पाळी, की नेमका तो वळतो
कोलाचेंच्या टेबलाकडे.
खसखशीचे किती उरले? जर्दाळूचे?
मोजून परत येईपर्यंत टाळ्या चाललेल्या.
सात वर्षांच्या चित्रणात
माझ्या बापाचा एकही सोलो पूर्ण दिसत नाही.
ऐकू मात्र सगळे येतात.

ड्रमवर क्लेटस झेमान.
हात वेगानं हलला की चित्राला दाते फुटतात फणीसारखे,
एका मनगटाची दोन मनगटं, मध्ये रेघा.
सॉफ्टवेअर विचारतं, काढू का हे?
सगळीकडे मी हो म्हणत आलो,
क्लेटसपाशी थांबलो.
अल्गोमाच्या वृद्धाश्रमात आता
त्याचे हात असेच दिसतात,
पडद्याशिवाय.

एकेचाळिसावी डिस्क उघडेना.
कॉम्प्युटर म्हणाला, कोरी आहे.
पण उजेडात तिरकी धरली तर पाठीवर
काळपट कडं दिसत होतं, कुणीतरी लिहिल्याचं.
नोलन म्हणाला, ही बंद केलेली नाही.
जिनं लिहिली तिलाच वाचता येईल.
तो मशीनबद्दल बोलत होता.

मशीन भावाच्या गॅरेजात निघालं, बर्फातल्या टायरांखाली.
सुरू केलं, आणि लगेच हॉल दिसला,
फेब्रुवारी, शेवटचा नाच, अकरा जोडपी,
बाबा खुर्चीत बसून वाजवतायत.
मग निळा पडदा.
शिल्लक: बारा मिनिटं. डिस्क कायमची बंद करायची?
हो. नाही.
बाण आपणहून 'नाही'वर उभा.

आई बँडची जाकिटं शिवायची.
गाठ मारल्याशिवाय टाका टिकत नाही, म्हणायची,
आणि गाठ मारली की त्या दोऱ्यानं पुढे शिवता येत नाही.
इथेही तेच. बंद केली की जगात कुठेही उघडेल.
आणि तिच्यात आणखी काही घालता येणार नाही.

शनिवारी मशीन, वायरी आणि आईचा कॅमेरा
मागच्या सीटवर घालून अल्गोमाला गेलो.
क्लेटस पहिली चार मिनिटं सूपबद्दल बोलला.
मग नर्सनं त्याचं ब्लड प्रेशर घेतलं.
मग मी कानाशी लॅपटॉप धरला, पिकनिकचा पोल्का लावला,
आणि त्यानं ट्रेच्या कडेवर चमचा टेकवला.
ताल चुकला.
बरोबर आला.
पुन्हा चुकला, आणि तो कुणाला तरी चेकमध्ये
शिवी देऊन हसला, बहुतेक ट्युबाला.

घरी येऊन पाहिलं, तर नेमका तेव्हाच
माझा कॅमेरा बशीकडे वळलेला.
बर्निसनं पाठवलेले कोलाचे.
खसखशीचे दोन उरले होते.

बाण 'हो'वर नेला.
मशीन बराच वेळ कुरकुरत राहिलं.
मग मार्कर शोधून काढला, जवळजवळ सुकलेला, आणि
आईच्या ओळीखाली जागा होती तिथे लिहिलं:
क्लेटस, अल्गोमा. सूप खारट.