उसनं पाणी

तांदूळ भिजताना मी सेकंद मोजते.
एकोणीस हिवाळे हेच काम.
कापडात बांधलेले दहा किलो दाणे,
घासून घासून निम्मे उरलेले,
आणि बर्फाच्या पाण्यात माझे लाल हात.
जास्त प्याला तर दाणा वाफेवर चिकट होतो,
कमी प्याला तर पोटात कोरडा.
ओकित्सुसान म्हणतात,
मोजायची ती तहान. पाणी नव्हे.

पहिलं धुकं पडलं की ते तांबाच्या डोंगरातून उतरतात.
आल्या दिवशी कुणाशी बोलत नाहीत,
थेट विहिरीवर जातात, घोटभर तोंडात घोळवतात,
भिंतीपलीकडचं ऐकावं तसे उभे राहतात.

ज्या साली डोंगरातून बोगदा गेला
त्या साली त्यांनी तो घोट थुंकला.
"लोखंड."

तळाशी निळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या पेल्यात
आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं.
पाणी नितळ. वर्तुळं नितळ.
पण एवढंसं लोखंडही साकेला
शिळ्या चहाचा रंग आणतं,
हे भांडी घासणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं.
मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुलापलीकडे हिनोया.
त्यांना आम्ही चार पिढ्या पाण्यात पाहत आलो,
का, ते आता नीट कुणालाच सांगता येत नाही.
एक पळालेला कामगार, एक चोरलेली पाटी, असंच काही.
त्या रात्री त्सुरुयोबाई स्वतः आल्या,
रबरी बूट, खांद्यावर नळीचं वेटोळं.
"आमची विहीर खोल आहे," म्हणाल्या,
आणि चहा न घेता गेल्या.

तीनशे मीटर नळी, पुलाच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली.
रात्री गोठायची.
पहाटे दोन्हीकडची पोरं गरम फडकी घेऊन
तिला आजाऱ्यासारखी शेकायची.

आमचं पाणी जड, तापट,
पिंपात पडलं की भांडायला उठणारं.
त्यांचं मऊ.
फेस वर यायलाच आठवडा गेला.
ओकित्सुसान पिंपाशेजारी अंथरूण टाकून निजले,
पाव अंशानं थंडी वाढली तरी उठून बसत.

फेब्रुवारीत पहिली धार निघाली.
ते प्याले. खूप वेळ गप्प.
"ही आपली नाही."
मग पेला पुन्हा पुढे केला.

पहिलं पिंप आम्ही पुलापलीकडे पाठवलं.
त्सुरुयोबाईंचा निरोप संध्याकाळी आला:
"आमचीही नाही. अजून आहे का?"

बाटल्यांवर नाव काय घालायचं, ते ठरलेलं नाही.
नळी अजून कठड्यालाच आहे.
सुतळी तेवढी दरवर्षी बदलतो.