कानाला खडा

वार्डोच्या बंदरात, मत्स्यकेंद्राच्या तळघरात
एकतीस वर्षं मी पाकिटांवर आकडे घातले.
नखाएवढी पाकिटं. आत कॉडच्या कानातला खडा.
माशाला कान असतात, कानात खडा असतो,
कुणी घातलेला नव्हे, आपोआप वाढणारा:
उन्हाळ्याचं फिकं कडं, हिवाळ्याचं गडद.
सरकारला हवं असायचं फक्त वय,
किती वर्षांचा मासा, किती टन धरू द्यायचा.

दोन कड्यांच्या मध्ये कधीकधी
एक पुसट रेघ दिसे.
नियमपुस्तकात लिहिलेलं: दुर्लक्ष करावे.
ओडवार ट्वाइटेनं ते केलं नाही, एवढंच.
दोन महिने सूर्य नसतो इथे,
माणसाला काहीतरी बघत बसावंच लागतं.

त्यानं लिहिलं. मासेवाले म्हणाले, हा दगडांचा विषय.
दगडवाले म्हणाले, याला माशाचा वास येतो.
निबंध धड ना पाण्यातला, धड ना जमिनीवरचा,
चार वर्षं टपालातून फिरत राहिला.

मग होबार्टहून एक पाकीट आलं, मॉर्वेना पास्कोचं:
'माझ्याही माशांत ती रेघ आहे.'
ग्डिनियाहून झ्दिस्लावचं, तीन ओळींचं, चिडलेलं:
'रेघ आहे, पण तुमचं कारण चूक आहे.'
ओडवार ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडला.
इतका आनंदी मी त्याला
स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

रेक्याविकच्या परिषदेत शेवटच्या दिवशी,
जेवणानंतर, कोटांच्या खोलीशेजारी,
दारावर पाटी होती: 'इतर'.
पाच माणसं. त्यातला एक
विसरलेला मफलर शोधायला आलेला.
तो बसला. पुढे अध्यक्ष झाला.

बारसं मात्र लांबलं.
तीन वर्षं नावावरून पत्रं, सगळी मीच टंकली.
नाव नाही तर रकाना नाही,
रकाना नाही तर पैसा नाही.
शेवटी ठरलेलं नाव कुणालाच आवडलं नाही,
म्हणून टिकलं.

मग विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी,
आणि मला न कळणारे शब्द आले.
पूर्वी ओडवार म्हणायचा, 'ये, बघ',
आणि मी सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकायची.
आता बघायला काही नव्हतं.
यंत्र खड्यात भोक पाडी,
खालून क्षारांचे आकडे निघत.
डोळ्यांनी वाचणारे आणि यंत्रानं वाचणारे
यांच्या चुली वेगळ्या झाल्या.
एकच पूर्वज, दोन नियतकालिकं,
आणि भाऊबंदकी अशी,
की तळटिपेत कोण कुणाच्या पाया पडतो
हे आधी मोजायचे, मग निबंध वाचायचे.
'कानाला खडा,' ओडवार म्हणाला, 'परिषदेला पुन्हा जाणार नाही.'
वसंतात गेला. त्याच्या पुढच्याही.
नंतर त्याच्या नावाचं व्याख्यान सुरू झालं,
तेव्हा कळलं की तो आता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात रांगफ्रिद आली, वरच्या मजल्यावरची,
माझ्या नातीच्या वयाची.
प्राध्यापकांना सोडून मला विचारू लागली:
काही पाकिटांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका का आहे?

मी विसरलेच होते.
डावा खडा आणि उजवा खडा जुळत नसला
की मी ठिपका द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं.
रकाना नव्हता, म्हणून कोपरा.
तिनं मोजले होते: दोनशे चौदा.
आणि बहुतेक एकाच फ्योर्डमधले, असं ती म्हणाली.

तिच्या साहेबांचं मत, हा आपला विषय नाही.
ती खोके उचलून घेऊन गेली, दोन खेपांत.
अर्जावर विषय काय लिहू, तिनं जिन्यातून विचारलं.

मला काय ठाऊक.
ते ठिपके माशांचे की माझ्या जुन्या चष्म्याचे,
तेसुद्धा मला सांगता येत नाही.
तरी रात्री उठून
मी तो चष्मा शोधत बसते.