सत्तर टक्के

फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढली,
त्यामुळे बॅटरीचं मला कौतुक नाही, ओळख आहे.
हिला पाणी घालावं लागत नाही, सुकूर बसवताना म्हणाला.
तरी पहिले सहा महिने
दर रविवारी मी फडकं घेऊन जिन्याखाली जायचो
आणि पुसण्यासारखं काही नसायचं म्हणून
भिंत पुसून परत यायचो.

छपरावर आठ पॅनेल, सगळी दक्षिणेला तोंड करून.
आई असती तर म्हणाली असती,
दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये.
ही मात्र तिकडेच तोंड करून जेवतात,
सकाळी सातपासून, न बोलता.

शेवंतीने वाटण दुपारी बारावर नेलंय.
नारळ, धणे, सुक्या मिरच्या,
सूर्य माथ्यावर आला की मिक्सर.
इस्त्री अकराला. मध्येच ढग आला
तर एक बाही सुरकुतलेली राहते
आणि मी ती तशीच घालून पणजीला जातो.

तीन वाजून दहा मिनिटांनी
आंतोनेतचा माड सातव्या पॅनेलवर येतो.
आधी एक झावळी, बोटं फिरवावीत तशी,
मग सगळं डोकं.
एकाच्या पानावर सावली पडली
की अख्खी पंगत हात आखडते.
मी वहीत लिहितो: ३.१०, माड.
एकदा कुंपणावरून म्हटलं, शेंडा जरा साफ केला तर...
ती म्हणाली, माड माझ्या पापाने लावला,
तुझं ऊन कोणी लावलं?
सुकूरला विचारलं. तो मीटरकडे बघत राहिला.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी
संध्याकाळी गडगडला आणि सगळ्या दिवाडी बेटाची लाईन गेली.
लाईनमन नदीपलीकडे,
वाऱ्यामुळे फेरी बंद.
आमच्या इन्व्हर्टरने एकदा टक् केलं,
पंख्याचा श्वासही चुकला नाही.

ह्याच रात्रीसाठी पैसे घातले होते.
वाटलं होतं, छाती फुगेल.
पण खिडकीतून बघितलं तर वाडा सगळा काळा
आणि मधोमध आमचा बल्ब,
पंगतीत एकट्याच्याच पानात
तूप वाढावं तसा.

एकेक जण आला. फोन, टॉर्च,
गोविंद केरकराचं कानाचं यंत्र.
आंतोनेत सगळ्यांत शेवटी,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली घेऊन.
थंड राहिली पाहिजे, म्हणाली.
आणि थोड्या वेळाने, माडाचं मनात ठेवू नकोस.
शेवंतीने दही सरकवून जागा केली.

मग मी उठून बाहेरचा दिवा बंद केला.
मग आतले, एकेक करत.
अहो, सत्तर टक्के आहे की अजून, शेवंती म्हणाली.
आहे. असू दे.
फ्रिज तेवढा गुरगुरत राहिला.

सोप्यावर दहा-बारा माणसं,
चेहरे नसलेली, नुसते आवाज.
बांगड्याचा दर, कोणाचा मुलगा बोटीवर,
मध्येच मांडीवर मारलेली चापट, डास.
आंतोनेतने विचारलं,
तुझे ते काचेचे पत्रे आता काय करतात रे?
झोपलेत, मी म्हटलं.
दिवसभर उन्हात असतात.

पहाटेच्या पहिल्या फेरीने उल्हास लाईनमन आला.
बटणं बंद करायला सगळेच विसरले होते,
त्यामुळे उजाडत असताना
सगळा वाडा एकदम पेटला, कोणालाच नको असताना.

वहीत लिहिलं:
गुरुवार रात्र. ७० वरून ५४.
फ्रिज, नऊ फोन, एक बाटली.

शुक्रवारी तीन दहाला अंगणात जाऊन उभा राहिलो.
रात्रीच्या वाऱ्याने कुंपणापाशी काहीतरी आणून टाकलं होतं.
सातवं पॅनेल उघडंच होतं, चमकत.
वाट बघितली.

३.१८, माड.
एक झावळी कमी.