अर्धी ओळ

ब्रनो शहरात, क्रालोवो पोलेच्या ट्रामथांब्यामागे,
तिसऱ्या मजल्यावर आमचं एक यंत्र आहे.
पोटात चौसष्ट प्रोसेसर,
तोंड मात्र एकच:
माझ्या टेबलापर्यंत आलेली जुनी सिरियल केबल,
एकेक अक्षर चावून चावून बाहेर टाकणारी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री पडद्यावर उमटलं:

डिमेस्कमरी सासंपडतपत नाआलीही

मला वाटलं, बोहुमीरनं मोरावियन बोलीत
काहीतरी चावट लिहून ठेवलंय.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
कागदावर ओळ उतरवून घेतली,
पेन्सिलीनं खाली रेघा ओढल्या
आणि एकमेकांत अडकलेली दोन माणसं
हळूच सोडवली.
एक म्हणत होता, डिस्क सापडत नाही.
दुसरा, मेमरी संपत आली.

"दोघंही खरं बोलतायत," तो म्हणाला,
"पण नुसत्या खऱ्यानं भागत नाही,
पाळी लागते."

म्हणून कुलूप बसवलं.
किल्ली ज्याच्या हाती त्यानं बोलायचं,
बाकीच्यांनी दाराशी उभं राहायचं.
आठवडाभर ओळी अशा आल्या
की मी त्या नवऱ्याला वाचून दाखवल्या.
(तो सुतार आहे. म्हणाला, छान सरळ आहेत.)

शुक्रवारी सदतिसावा प्रोसेसर
बोलता बोलता कोसळला,
किल्ली मुठीत घट्ट.
त्रेसष्ट जण दाराशी.
प्रत्येकाला ठाऊक, आत काय झालंय,
आणि सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.
पडद्यावर फक्त:

पत्ता चुकीचा, कारण

कारण.
त्यापुढं कर्सर लुकलुकत होता.
आम्ही त्याच्याकडे पाहत कॉफी गार केली.

तेव्हा बोहुमीरनं आईची गोष्ट काढली.
ओलोमोउत्सच्या कोर्टात ती टंकलेखिका होती.
दोन वकील एकदम बोलू लागले
की ती हात वर उचलून धरायची.
न्यायाधीशही थांबत.
पण एकदा साक्ष देता देता
एक म्हातारा पिंजऱ्यातच पडला,
तेव्हा तिनं हात उचलले नाहीत.
जिथवर तो बोलला तिथवर टाइप केलं,
पुढं पूर्णविराम दिला नाही.
परवानगी कुणाची घेतली नाही.

एवढ्यावरून आम्ही दोन महिने काम केलं.

आता कुलूप नाही. एक गोल वही आहे.
बोलणाऱ्यानं आधी जागा राखायची,
वेळ टाकायची, आपला क्रमांक टाकायचा,
मग सावकाश लिहायचं,
आणि पुरं झालं की खूण करायची.
खूण नसेल तर वाचणारा पुढं सरकत नाही,
दुसऱ्याचं वाक्य त्यात ओतत नाही.
केबल तिच्या चालीनं चावत राहते,
लिहिणाऱ्यांना तिच्यासाठी खोळंबावं लागत नाही.

आणि मरणाऱ्याला सगळं माफ.
त्यानं रांग मोडावी, आरडाओरडा करावा,
त्याची अर्धी ओळसुद्धा आम्ही घेऊ.

वही भरते तेव्हा जुनं पुसलं जातं.
तेही लपवायचं नाही, असं ठरलं.
मला सगळ्यांत आवडते ती हीच ओळ:
सतरा निरोप हरवले.
काय होते ते कुणालाच सांगता येणार नाही,
पण होते,
आणि सतराच होते.

मे महिन्यात बोहुमीर निवृत्त झाला.
केक कापताना अकरा जण एकदम बोलत होते.
तो उभा राहिला, म्हणाला,
"मला एवढंच सांगायचंय की"
आणि कुणाच्या तरी बाटलीचं बूच उडालं,
हशा झाला, तोही हसला, बसला.

परतताना ट्राममध्ये वही काढली.
लिहिलं: सतरा वाजून बेचाळीस.
लिहिलं: बोहुमीर.
पुढं चार बोटं जागा सोडली.
खूण केली नाही.